पाण्यानंतरचा प्रश्न

खिडकीचं दार आपटत होतं म्हणून बिरागो पाहुणीच्या खोलीत शिरली, एरवी ती शिरत नसे. कडी लावेपर्यंत वाऱ्यानं टेबलावरची वही उघडली आणि त्यात तिला एक पाऊल दिसलं. लहान मुलाचा पाय कागदावर ठेवून भोवतीनं पेन्सिलीची रेघ ओढलेली. पाच बोटं, आणि करंगळीशेजारचं बोट जरा वाकडं. ते बोट बिरागोनं पाच वर्षं रोज तेल लावून चोळलं होतं, तरी ते सरळ झालं नव्हतं. अडोमाचं पाऊल. तिच्या नातीचं. ती पोर आत्ता समोर केळीवाल्या डुफीच्या शेगडीपाशी भाजलेलं केळं खात बसली असेल. बिरागोनं पान उलटलं. मागच्या पानावर तेच पाऊल, किंचित लहान. त्याच्या मागे आणखी लहान. प्रत्येकाखाली तारीख होती. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत महिन्याला एक, आठ पावलं. वही होती तशी ठेवून ती बाहेर आली आणि ओट्यावरच्या शिलाई मशीनपुढे बसली. पाय सवयीनं हलत राहिला आणि सुईखाली कापड नाही हे तिच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

बत्तीस वर्षं कुमासी शहराच्या या बंटामा भागातल्या निम्म्या पोरांचे शाळेचे गणवेश तिनं शिवले होते. माप कुणी उगाच घेत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? माप घेतलं म्हणजे काहीतरी बेतायचं असतं. आणि ज्याचं बेतायचं त्याच्या घरच्यांना विचारून माप घेतात, आठ महिने चोरून घेत नाहीत. रेनाटे कशाला घेत होती? ब्रेमेनहून आलेली ही त्रेसष्ट वर्षांची बाई, ग्रंथालयातून निवृत्त झालेली, पांढऱ्या केसांची, उंच, बोळातल्या शाळेत पोरांना वाचन शिकवायला म्हणून एका संस्थेमार्फत आली होती. स्वयंसेवक बिरागोनं आधीही तीन ठेवले होते. ती पोरं होती. आल्या दिवशी शेळीचाही फोटो काढायची आणि जाताना रडायची. त्यांचं सगळं उघड होतं. ही फोटोच काढत नसे. जी बाई फोटो काढत नाही ती कशासाठी आली आहे? पहाटे उठून अंगण झाडायची, आपली ताटली आपण धुवायची. बिरागो उकडलेल्या कंदांचं फुफू कुटायला बसली की उखळाशी बसून दोन घावांच्या मध्ये हात घालून गोळा परतायची. पहिल्यांदा हात घालणारा दचकतो, मुसळाकडे बघतो. ही बघत नसे. परक्या बाईच्या मुसळावर इतका भरवसा टाकणारं माणूस एकतर भोळं असतं नाहीतर फार पोचलेलं, आणि त्रेसष्टाव्या वर्षी कुणी भोळं राहत नाही असं बिरागोचं मत होतं.

खरी चूक बिरागोचीच होती आणि ती तिला माहीत होती, म्हणून तर संशय जास्त टोचत होता. पाहुणा आला की त्याला बसवावं, पाणी द्यावं, आणि पाणी पिऊन झालं की म्हणावं, "इथं सगळं निवांत आहे. वाट तुम्ही चालून आलात." मग पाहुण्यानं आपलं येण्याचं कारण सांगायचं. कारण जगजाहीर असलं तरी विचारायचं आणि सांगायचं. बिरागोचे वडील गावच्या प्रमुखाचे शब्दवाहक होते. सोन्याच्या मुठीची काठी घेऊन ते प्रमुखाच्या शेजारी उभे राहत आणि आलेल्या प्रत्येकाला त्यांच्याच तोंडून हा प्रश्न जाई. ते म्हणत, पाणी दिलं आणि विचारलं नाही तर पाहुणा घरात येतो, पण त्याची सावली फाटकाबाहेरच राहते. अशा माणसाची मुलगी! आणि फेब्रुवारीतल्या त्या दुपारी संस्थेचे बाफो रेनाटेला घेऊन आले, बिरागोनं दोघांना पाणी दिलं, रेनाटेनं पेला रिकामा करून दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि शाळेतल्या मुलीसारखी ताठ बसली, तेवढ्यात बिरागोचा फोन वाजला. हॅम्बुर्गहून कोनाडू. तिची मुलगी, अडोमाची आई. चार महिन्यांनी फोन येत होता. बिरागो उठून अंगणात गेली. "आई, माझे कागद झाले," कोनाडू म्हणाली. "आता मला अडोमाला इकडे आणता येईल." "काय? ऐकू येत नाही गं," बिरागो म्हणाली. "आई, मी अडोमाला—" "आवाजच येत नाहीय," म्हणून बिरागोनं फोन बंद केला. आवाज स्वच्छ येत होता. पलीकडे रस्त्यावरून गेलेली सायकलची घंटीसुद्धा आली होती.

ती आत आली तेव्हा बाफो निघून गेले होते आणि रेनाटे अडोमाशेजारी बसून कंदाचे तुकडे खात होती. पाहुण्यानं घरचं अन्न खाल्लं की वेळ गेली. त्यानंतर विचारणं म्हणजे, का आलात हे नव्हे, कधी जाता हे विचारणं. बिरागो आज विचारीन, उद्या विचारीन करत राहिली आणि काट्याचा नायटा झाला. मुलीची बातमी आणि ही बाई एकाच अर्ध्या तासात घरात शिरली होती, त्यामुळे बिरागोच्या मनात दोघींची गाठ तेव्हाच बसली. पुढे आठ महिने कोनाडूचा फोन आला की आवाज येत नसे, आणि रेनाटे अडोमाला मांडीवर घेऊन वाचायला बसली की बिरागोच्या मनात पाल चुकचुके. अडोमा तिला रेनाआजी म्हणायला लागली होती. आजी म्हणजे काय, मशीनवरचा बॉबिन आहे, की एक संपला की दुसरा लावला?

"पायाचं माप?" डुफी म्हणाली. तिनं केळ्यावरचा हातपंखा थांबवला, म्हणजे गोष्ट गंभीर होती. गिऱ्हाईक उभं असताना डुफीचा पंखा थांबत नसे. "आणि आठ वेळा? अगं बाई, तू झोपलीयस का? माझ्या मावसबहिणीच्या जावेच्या घरी अशीच एक होती."

"काय झालं तिचं?"

"काही झालं नाही, ती आपली गेली परत. पण होऊ शकलं असतं की नाही?"

"तुझं तोंड म्हणजे ना, डुफी."

"माझं तोंड राहू दे. तू शब्दवाहकाची लेक, आणि आठ महिने पाहुणीला का आलीस म्हणून विचारलं नाहीस. आमच्यासारखं केळीवाल्यांचं घर असतं तर पहिल्या घोटालाच विचारलं असतं. आता बस पेटीला कुलूप लावत."

पेटीला कुलूप बिरागोनं खरंच लावलं. मग तेही पुरेसं वाटेना, म्हणून पेटीतला अडोमाचा जन्माचा दाखला काढून तिनं आपल्या उशीच्या अस्तरात घातला आणि बारीक टाका घालून उशी शिवून टाकली. शिवताना तिला स्वतःची लाज वाटली, आणि तरी टाके नेहमीपेक्षा घट्ट पडले. त्या दुपारी तिनं अडोमाला वाचायला जाऊ दिलं नाही. "डोकं दुखतंय माझं, पाय चेप," म्हणाली. पोरीनं पाय चेपले, पण कान शेजारच्या खोलीकडे लावून. तिथं रेनाटे फोनवर बोलत होती, तिच्या भाषेत, भरभर, आणि मध्येच हसली. या घरात ती तुटकं तुटकं बोलायची, प्रत्येक शब्द पुलावर पाय टाकावा तसा तपासून. आपल्या भाषेत ती निराळीच बाई होती, आणि ती निराळी बाई कोण, हे बिरागोला माहीत नव्हतं. त्या बडबडीत एकदा अडोमाचं नाव आलं. दुसऱ्यांदाही आलं. बिरागोनं पोरीचा हात आपल्या घोट्यावर घट्ट धरला.

रविवारी प्रार्थनेत तिचं लक्ष लागेना. पुढच्या बाकावरच्या बाईच्या पाठीची शिवण उसवली होती, त्या उसवलेल्या शिवणीकडे बघता बघता तिला कोनाडू आठवली. खरं म्हणजे कोनाडूची पाठ. सहा वर्षांपूर्वी, अशाच एका रविवारी, कोनाडू अक्राहून अचानक आली होती. शिकायला पाठवलेली एकोणीस वर्षांची मुलगी, खांद्यावर पिशवी, आणि झगा पोटावर ओढलेला. शिवणारणीच्या नजरेला पोट लपवता येत नाही. बिरागोनं फाटकापासूनच महिने मोजले. आपल्या माणसाला कुणी पाणी देऊन कारण विचारत नाही. आपलं माणूस फाटक ढकलतं, सरळ स्वयंपाकघरात जातं आणि भांड्यावरचं झाकण उचलून आज काय केलंय ते बघतं. कोनाडूही सवयीनं तिकडेच निघाली होती. बिरागोनं तिला दारात थांबवलं. खुर्ची मांडली. पेल्यात पाणी आणून दिलं, दोन्ही हातांनी, परक्याला द्यावं तसं. आणि म्हणाली, "इथं सगळं निवांत आहे. वाट तुम्ही चालून आलात." तुम्ही. पोटच्या पोरीला. डुफी आपल्या दारातून बघत होती आणि तिचाही पंखा थांबला होता. कोनाडू रडली नाही. पाणी प्यायली, उभी राहिली, आणि रीतीप्रमाणे, एकही शब्द न गाळता, आपलं येण्याचं कारण सांगितलं. मग पाठ वळवून आपल्या खोलीत गेली. बिरागोला त्या वेळी वाटलं होतं की आपण नाक राखलं. अडोमा वर्षाची झाल्यावर कोनाडू जर्मनीला निघाली, तेव्हाही ती नीट वागली, नीट बोलली, वाकून निरोप घेतला. तो नीटपणा बिरागोला परक्याचा वाटला होता. जिला विचारू नये तिला विचारलं, आणि जिला विचारायचं तिला विचारलं नाही. बत्तीस वर्षं दुसऱ्यांची कापडं बेतली, पण स्वतःच्या घरातली कात्री दोनदाच चालली आणि दोन्ही वेळा उलट्या बाजूनं.

घरी येताना तिनं डुफीला हाक मारली. "चल माझ्याकडे. काम आहे."

"रविवारी कसलं काम?"

"माझे वडील प्रमुखाचे शब्द वाहायचे. आज माझे तू वाहायचेस."

"मी? या अंगाला केळ्याचा धूर येतोय."

"येऊ दे. मला एकटीनं विचारता यायचं नाही."

रेनाटे अंगणात कपडे वाळत घालत होती. बिरागो तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुमची बॅग घ्या आणि फाटकाबाहेर जा."

रेनाटेच्या हातातला ओला टॉवेल तसाच राहिला. "मी काही... चूक केली?"

"बॅग घ्या. बाहेर जा. मग परत आत या."

रेनाटेनं टॉवेल दोरीवर टाकला. मग खोलीत गेली आणि आली तेव्हाची निळी बॅग घेऊन बाहेर पडली. फाटक लागलं. बिरागोनं ओट्यावर तीन खुर्च्या मांडल्या, अडोमाला पायाशी बसवलं, डुफीला शेजारी. या बाईनं खरं सांगितलं आणि ते आपल्याला वाटतं तेच असलं, तर? विचारलं नाही तोवर ते नव्हतं. आठ महिने ती याच आडोशाला बसली होती. फाटक वाजलं. रेनाटे बॅग घेऊन आत आली, खुर्चीवर बसली, बिरागोनं दिलेलं पाणी प्यायली आणि रिकामा पेला खाली ठेवून दोन्ही हात मांडीवर ठेवले. तसेच. फेब्रुवारीतल्यासारखे ताठ.

"डुफी," बिरागो म्हणाली, "पाहुणीला सांग, इथं सगळं निवांत आहे. वाट त्या चालून आल्या."

डुफीनं घसा साफ केला. "ऐकलंत ना? इथं सगळं निवांत आहे. वाट तुम्ही चालून आलात. का आलात ते सांगा. आणि पायाचं पण सांगा."

"डुफी!"

"बरं, पायाचं मी म्हटलं. बाकीचं तिचं."

रेनाटेच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "तुम्ही विचारता," ती म्हणाली. "मला वाटलं, कुणी विचारणार नाही कधी." मग ती हळूहळू, शब्द वेचत बोलू लागली. "बाफोंनी मला शिकवलं होतं. पाणी देतील, मग विचारतील. मी उत्तर पाठ केलं. विमानात म्हटलं, पुन्हा पुन्हा. 'मी मुलांना मदत करायला आले.' सात वाक्यं होती. मी पाणी प्याले, थांबले. तुम्ही उठून गेलात. मला वाटलं, इथंही कुणाला माझं काही ऐकायचं नाही. घरी असंच होतं. नवरा गेला, नोकरी संपली. दोन वर्षं मला कुणी काहीच विचारलं नाही. काय खाल्लंस, तेही नाही." तिनं डोळे पुसले. "बरं झालं नाही विचारलंत. मी खोटं सांगितलं असतं. मदत वगैरे खोटं. शाळेत गेले, तर मुलं वाचतात चांगली. त्यांना पुस्तकं कमी, मी नको. तीन महिने मी चिडले. रोज म्हणत होते, परत जाते. मग तुम्ही मला उखळाशी बसवलं. तुम्ही मुसळ मारता, मी हात घालते. पहिल्यांदा कुणाला तरी माझा हात पाहिजे होता, त्याच वेळी, त्याच जागी. मी कुणाला तरी लागावं म्हणून आले होते, बिरागोबाई. एवढंच कारण. आता मला ते म्हणायला लाज नाही वाटत."

डुफी नाक पुसत होती. बिरागोला ऐकून गलबलून आलं, आणि तरीही संशय जागचा हलला नाही. तो आठ महिन्यांचा झाला होता, एका दमात मरणारा नव्हता. "आणि पाऊल?" तिनं विचारलं, डुफीला मध्ये न घालता.

रेनाटेनं अडोमाकडे पाहिलं. "ते दुसऱ्याचं आहे. मी शब्द दिला होता, न सांगण्याचा. पण तुम्ही रीतीनं विचारता, मग मी काय करू?" तिनं बॅगेतून वही काढून बिरागोच्या मांडीवर ठेवली. "मार्चमध्ये तुम्ही प्रार्थनेला गेला होतात, फोन घरी होता. वाजला, मी घेतला. कोनाडू. ती माझी भाषा बोलते, माझ्यापेक्षा भरभर. म्हणाली, फोटोत पोर किती वाढली कळत नाही, फोटोत सगळी मुलं सारखी दिसतात. पाऊल काढून पाठवा. मी दर महिन्याला वहीत काढते, दुसऱ्या कागदावर उतरवून पाठवते. तिनं आठही कापून दारावर चिकटवलीत, खालून वर, एक एक पाऊल. म्हणाली, घरी येताना दिसतं की कुणीतरी दाराकडे चालत येतंय." रेनाटेनं वहीचं शेवटचं पान उघडलं. "ती डिसेंबरात येते. न्यायला. तिकडे बर्फ असेल, म्हणून बूट घ्यायचेत, म्हणून हे शेवटचं माप. मी म्हटलं, आईला सांग. ती म्हणाली, मी बोलले की आईला ऐकू येत नाही. आणि म्हणाली, मी घरी जायला घाबरते. आई मला दारात खुर्ची मांडेल."

बोळातून वाळूनं भरलेली एक गाडी खडखडत गेली. बिरागोला वाटलं आपण या बाईवर ओरडावं. तिनं तोंड उघडलंही. पण ओरडायचं ते कशाबद्दल? चोर पकडला होता, आणि चोरी ज्याची त्याच्याच घरी गेली होती. तिनं वहीतलं पहिलं पाऊल पाहिलं, मग शेवटचं. दोन्हींत बोटभर अंतर होतं. पोर तिच्या डोळ्यांसमोर वाढली होती आणि ते तिला दिसलं नव्हतं. ती फक्त झग्याची दुमड सोडत गेली, बस. हॅम्बुर्गमध्ये एका बंद दारापुढे उभी राहून कोनाडू ते बघत होती. हे कल्पनेत आल्यावर बिरागोला रडू फुटलं आणि तिनं ते लपवलं नाही.

"आता तुमचं," रेनाटे हळूच म्हणाली. "बाफोंनी शिकवलं होतं. पाहुण्यानं सांगितल्यावर घरच्यांना विचारायचं. इथं कसं आहे?"

याचं उत्तर ठरलेलं असतं. घरात मढं असलं तरी बिरागोचे वडील म्हणायचे, इथं सगळं निवांत आहे. बिरागोनं डुफीकडे पाहिलं. डुफीनं मान खाली घातली.

"इथं निवांत नाही," बिरागो म्हणाली. "इथं एक म्हातारी आहे, तिला पोर सोडवत नाही. आठ महिने ती बहिरी झाली होती. तुझ्याशीही वाईट वागली, मनातल्या मनात. उशी उसवायचीय मला आज, त्याचं नंतर सांगेन." आपण तिला तू म्हणालो हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं ते बदललं नाही. "कोनाडूला आज फोन लाव. तुझ्या भाषेत सांग, म्हणजे नीट पोचेल. म्हणावं, दारात खुर्ची नसेल. पाणी घेऊन कुणी उभं राहणार नाही. फाटक ढकल, सरळ आत ये आणि झाकण उचलून बघ काय शिजलंय."

"आजी, मम्मी येणार?" अडोमानं विचारलं.

"येणार," बिरागो म्हणाली. तिनं पोरीचा पाय उचलून आपल्या मांडीवरच्या शेवटच्या पानावर ठेवला. रेघेच्या बाहेर अंगठा थोडासा आला होता, दोन आठवड्यांत. तिनं वाकडं बोट चोळलं. मग रेनाटेकडे न बघताच म्हणाली, "आणि तिला सांग, बूट एक माप मोठे घे. डिसेंबरपर्यंत पाय वाढेल."